आईचं वर्ष व्हायच्या आत रिक्वियम गाऊ का?

*ताई, मी जर्मनीत राहते आणि हौस म्हणून इथल्या एका चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते. मार्चमध्ये सांगलीला आई गेली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. नोव्हेंबरमध्ये आम्ही ब्राम्स या संगीतकाराचं 'जर्मन रिक्वियम' (रिक्वियम म्हणजे मृत्यूप्रसंगीची गानरचना) करतोय. मावशी म्हणते, "आईचं वर्षसुद्धा झालं नाही आणि तू चर्चमध्ये गायला उभी राहणार?" शिवाय मी ख्रिस्ती नाही, फारशी धार्मिकही नाही. ते शब्द माझ्या तोंडी शोभतात का? पाचव्या भागात आईचा उल्लेख आला की दर तालमीत माझा गळा दाटतो. सोडून देऊ का?*

सोडू नकोस. तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं, हे गायला तुझ्याइतकं जवळचं माणूस त्या रांगेत क्वचितच दुसरं असेल.

ब्राम्सची आई 1865 च्या फेब्रुवारीत हॅम्बुर्गला वारली. तो व्हिएन्नात होता. निरोप मिळाल्यावर धावत निघाला, पण पोचला तेव्हा ती गेलेली होती. या रिक्वियमचा बराच भाग त्यानं त्यानंतर लिहिला. 1868 च्या गुड फ्रायडेला ब्रेमेनच्या कॅथेड्रलमध्ये ते गायलं गेलं, तेव्हा त्यात सहाच भाग होते. तुझा गळा दाटतो तो पाचवा भाग त्यानं मागाहून घातला. सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका, एकटी गाते आणि खालून कॉयर हळू आवाजात म्हणतं: आई लेकराला समजावते तसं मी तुमचं सांत्वन करीन. तिथे तुला रडू येतं यात वावगं काय आहे?

शब्द तोंडी शोभतात का, हा प्रश्न तुझ्याआधी ब्रेमेनमध्येच निघाला होता. कॅथेड्रलच्या संगीतप्रमुखांना, राइनथालर यांना, या रचनेत ख्रिस्ताच्या बलिदानाचा उल्लेख नाही ही उणीव वाटली. ब्राम्सनं त्यांना कळवलं, की नावातला 'जर्मन' शब्द काढून मी तिथे खुशाल 'मानवाचं' असं घालीन. आणि बायबलमधली काही वचनं आपण जाणूनबुजून वगळली आहेत, असंही त्यानं लिहिलं. लॅटिन रिक्वियममध्ये मेलेल्यासाठी प्रार्थना असते. इथे पहिल्याच ओळीपासून बोलणं आहे ते मागे राहिलेल्यांशी, शोक करणाऱ्यांशी. त्यांत तू आहेस. आणि आपल्याकडेही श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे अभंग गाताना त्यांचा जन्म कोणत्या धर्मातला, हे वारकरी विचारत बसत नाहीत. तू श्रद्धेचा आव आणू नकोस, स्वर आणि शब्द चोख लाव, एवढं पुरे.

आता गळ्याचं. हुंदका आला की गळा आवळतो, आणि तेव्हा जोर लावून गायलीस तर स्वर चिरकतो. म्हणून जोर लावायचाच नाही. कॉयरमध्ये लांब ओळीत सगळे एका जागी श्वास घेत नाहीत, शेजारच्या दोघी वेगवेगळ्या ठिकाणी घेतात; म्हणूनच ऐकणाऱ्याला ओळ सलग वाटते. तू तालाची दोन मापं गप्प राहिलीस तरी आल्टोची ओळ तुटणार नाही. तोंड उघडं ठेव, खांदे सैल सोड, पोटातून श्वास घे आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ये. ती जागा आजच पेन्सिलनं प्रतीत खूण करून ठेव. ऐन वेळी शोधत बसू नकोस. शेजारणीलाही दाखव, म्हणजे तिथे ती श्वास घेणार नाही. घरी तो भाग आधी शब्दांशिवाय, नुसत्या 'आ'कारात गा. मग गाणं बाजूला ठेवून शब्द मोठ्यानं वाच, रडू येईल तेवढं येऊ दे, पुन्हा वाच. आठवडाभर हे रोज केलंस की गळा बराच सुटतो. कंडक्टरच्या कानावरही घाल. या रचनेच्या तालमीत कुणाला तरी रडू येणं त्यांना नवीन नसणार.

मावशीचा राग मला कळतो. बहीण गेली आहे तिची. पण वर्षभर आपण टाळतो ते मंगलकार्य आणि सणाचं गोडधोड, आणि हे त्यातलं काहीच नाही. तुमचा कार्यक्रम बहुधा टोटनझोनटागच्या आसपास असेल. प्रशियाच्या राजानं 1816 मध्ये मृतांच्या स्मरणासाठी नेमून दिलेला हा रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. आपल्या सर्वपित्रीसारखाच दिवस म्हण ना. मावशीला हे सांग, आणि पाचव्या भागाचे शब्द मराठीत लिहून पाठव. तिला वाचायला जड जात असेल तर फोनवर तूच वाचून दाखव. फक्त हा फोन कार्यक्रमाच्या आधी कर. नंतर केलास तर तिला वाटेल, केलं ते झाकायला ही कारणं सांगते आहे. आणि मग ती शब्द ऐकणारच नाही.