टाइल्स बसवण्याआधी बाथरूममध्ये दोन दिवस पाणी कोंडून ठेवा

तुमचा गवंडी म्हणतोय की टाइलखालच्या सिमेंट-वाळूच्या मालात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड टाकू, वरून टाइल्सच्या सांध्यांत ग्राउट घट्ट भरू, बास झालं. एवढ्यावर भागतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागत. बाथरूम एकदा फोडलंच आहे तर हे काम आत्ताच नीट करून घ्या. पुन्हा फोडण्याएवढा वैताग दुसरा नाही.

टाइलमधून पाणी जात नाही हे खरं, पण सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट पाणी पितं. रोजच्या आंघोळीचं थोडं थोडं पाणी टाइलखालच्या मालात उतरतंच. लिक्विड घातलेला माल पाणी कमी पितो, पण त्याला बारीकशी चीर गेली की त्या चिरेपुढे लिक्विडचं काही चालत नाही. म्हणून मालाखाली एक अखंड, थोडा ताण सोसणारा थर लागतो. पावडर आणि लिक्विड असे दोन भाग एकत्र करून ब्रशने लावायचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग घरच्या बाथरूमला छान चालतं. कुठल्या कंपनीचं घ्यावं यावर लोक फार डोकं खपवतात. माझ्या मते कंपनीपेक्षा कामाचा क्रम जास्त महत्त्वाचा, आणि मी मार खाल्ला तो क्रमातच.

माझ्या पहिल्या बाथरूमला कोटिंग उत्तम झालं होतं. टाइल्स लागल्या, आणि शेवटी कमोड बसवायला आलेल्या माणसाने जमिनीत ड्रिल घालून दोन स्क्रू आवळले. टाइलखाली चिकट मालाचा पातळ थर होता, त्यामुळे ड्रिल सरळ कोटिंग फोडून खाली गेलं. काही महिन्यांनी खालच्या छतावर बशीएवढा पिवळट डाग आला, मग त्याचे पोपडे सुटायला लागले. उकरून पाहिलं तर सगळं कोटिंग धडधाकट, ओल फक्त त्या दोन भोकांभोवती. तेव्हापासून प्लंबरचं सगळं खोदकाम संपल्याशिवाय मी ब्रश हातात घेऊ देत नाही. कमोडचे स्क्रू घालायचेच असतील तर भोकात आधी सीलंट भरा, मगच आवळा.

तर आधी प्लंबिंग. भिंतीतले पाइप बंद करण्याआधी हातपंपाने पाण्याचा दाब भरा आणि दाबाचा काटा खाली सरकतो का ते बघा; सरकला तर पाइप गळतोय. पुष्कळदा ‘वॉटरप्रूफिंग गेलं’ म्हणून लोक फरशी फोडतात आणि गळत असतो भिंतीतला सांधा.

मग कोपरे आणि पाइप. मोकळ्या सपाट जागेतून पाणी क्वचितच जातं. ते जातं जमीन-भिंतीच्या सांध्यातून, स्लॅबमधून उतरणाऱ्या पाइपाच्या कडेने आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या, गळ्याशी. काटकोनात कोटिंगला हमखास चीर जाते, म्हणून आधी मालाने गोलाई मारून घ्या आणि कोटिंगच्या दोन हातांमध्ये (थरांमध्ये) फायबरची जाळीची पट्टी दाबून बसवा. प्लास्टिकचा पाइप गुळगुळीत असतो, त्याला सिमेंट धरत नाही. जिथे कोटिंग लागणार तिथे पॉलिश पेपरने घासून तो खरबरीत करा. पाइपाभोवतीचं भोक साध्या मालाने बुजवलं तर माल आकसतो आणि केसाएवढी फट सुटते. तिथे टाइलच्या सांध्यातलं नाही, तर भोकं बुजवायचं न आकसणारं ग्राउट वापरा. हे सगळं मिळून काही तासांचं काम आहे, पण तेच टाळलं जातं. शक्य असेल तर त्या दिवशी घरी थांबा.

ढाळाबद्दल एक गोष्ट गवंड्याशी आधीच बोलून घ्या. ढाळ टाइललाच द्यायचा आणि खालचं कोटिंग सपाट ठेवायचं, ही सर्रास होणारी चूक. मालात उतरलेलं पाणी मग तिथेच साचून राहतं, कुबट वास येतो, सांधे काळे पडतात. कोटिंगखालच्या थरालाच मीटरमागे 10 ते 12 मिलिमीटर ढाळ द्या आणि कोटिंग ट्रॅपच्या तोंडात उतरवा.

कोटिंग लावताना जमीन झाडून ओलसर करायची, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. मिश्रण घट्ट वाटलं की त्यात मगभर पाणी ओतायची सवय असते, ती मोडा. शॉवरच्या भिंतीला शॉवरच्या तोंडाच्या वरपर्यंत लावा, बाकी भिंतींना निदान 300 मिलिमीटर. आणि उंबरा विसरू नका! पाणी उंबऱ्याखालून बाहेरच्या खोलीच्या फरशीखाली शिरतं आणि दाराच्या चौकटीचा पाय फुगतो.

आता परीक्षा. डब्यावर लिहिलेले दिवस कोटिंग वाळू द्या. मग ट्रॅप बुजवा, दारात मालाचा छोटा बांध घाला आणि उथळ बाजूलाही 25 मिलिमीटर पाणी राहील इतकं भरा. भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा. 24 तास तर हवेतच, मी 48 ठेवतो. दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली दिसली की वाद सुरू होतो, ‘ते उडून गेलं हो!’ म्हणून त्याच बाथरूममध्ये सरळ कडांच्या भांड्यात पाणी भरून ठेवा आणि त्यालाही खूण करा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर खरंच उडालं. जमिनीवरचं जास्त उतरलं तर आधी ट्रॅपचा बोळा बघा, तो नीट असेल तर गळतंय. खालच्या छतावर, खास करून पाइपाभोवती, हात फिरवून बघा. टाइल्स लागल्यावर हीच परीक्षा पुन्हा एकदा घ्या.

पास झाल्यावर कोटिंगवर शिडी, घमेली, तळाला खडी अडकलेले बूट काही नको. टाइलचं काम सुरू होईपर्यंत जाड पुठ्ठे अंथरा. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात ग्राउटऐवजी सिलिकॉन भरा, कारण तिथे हालचाल होते आणि ग्राउट तडकतं. एपॉक्सी ग्राउट परवडत असेल तर जरूर घ्या, पाणी पीत नाही आणि डागही धरत नाही, पण त्याच्या भरवशावर खालचं कोटिंग वगळू नका.

आणि भिंतीतले पाइप बंद करण्याआधीच प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. पुढे टॉवेलची दांडी ठोकायला कोणी ड्रिल घेऊन आलं की पाइप कुठून गेलाय ते आधी त्याला फोटोत दाखवा.