गाठ काढल्यावर हात कसा झाकतात?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. उजव्या हाताच्या पाठीवर भाजल्याचा जुना व्रण होता. त्यावरची जखम वर्षभर भरेना. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणतात, जखम काढून हात तीन आठवडे जांघेला शिवून ठेवावा लागेल. शेजारच्यांना नुसती मांडीची कातडी लावली होती, मग यांनाच एवढं का? (सातारा)

मांडीची कातडी, म्हणजे ग्राफ्ट, स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येत नाही. पहिले दोन दिवस ती खालून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरते, मग खालच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. खाली स्नायू किंवा टेन्डनवरचं (टेन्डन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी) पातळ आवरण शाबूत असेल तर ती छान धरते. उघड्या टेन्डनवर किंवा हाडावर मात्र ती काळी पडून गळून जाते. चुकून धरलीच, तर टेन्डनला चिकटते आणि बोटं वळत नाहीत. शेजाऱ्यांचं ते आवरण बहुधा वाचलं असेल.

जुन्या व्रणातला कॅन्सर आडमुठा असतो. त्याच्याभोवतीची निरोगी दिसणारी कातडीही काढावी लागते, अनेकदा दीड-दोन सेंटिमीटर, आणि हाताच्या पाठीवर तेवढ्यात टेन्डन उघडे पडतात. झाकायला सोपं जावं म्हणून कमी कापणं हा यातला सगळ्यात महागडा हिशेब. कडा स्वच्छ असल्याची खात्री नसेल, तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत व्हॅक्यूम ड्रेसिंगवर (जखमेतला द्राव ओढून घेणाऱ्या पट्टीवर) थांबून मग फ्लॅप, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट आणलेला कातडीचा तुकडा, लावतात. त्याला दिरंगाई समजू नका. काखेतल्या आणि कोपराजवळच्या गाठी तपासल्या का, हेही विचारून घ्या.

त्याच हाताच्या कोपर ते मनगट या भागातून फ्लॅप फिरवून आणता येतो, पण एका प्रकारात मनगटाची रेडियल धमनी खर्ची पडते. म्हणून आधी ॲलन टेस्ट करतात : मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून मूठ मिटून उघडायला लावायची आणि फक्त करंगळीकडची सोडून तळहात लाल होतो का, ते पाहायचं. दुसऱ्या, पोस्टिरिअर इंटरऑसिअस फ्लॅपमध्ये मुख्य धमनी वाचते, पण तो चार-पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद घेतला तर जिथून घेतला ती हातावरची जागा नुसत्या टाक्यांनी मिटत नाही. जांघेचा फ्लॅप हाताच्या धमन्यांना धक्का लावत नाही आणि सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणीही होतो. १९७२ पासून वापरात असलेली ही भरवशाची पद्धत आहे.

त्रास असतो तो त्या तीन आठवड्यांचा. झोपेत हात ओढला जाऊन टाके सुटतात, बुंध्याला, म्हणजे फ्लॅप जांघेला जोडून राहतो त्या भागाला, पीळ पडला की टोक निळं होतं, जांघेत घाम साचून कातडी पांढरी पडते. कोपराखाली उशी द्या, नाडीची सैल लुंगी वापरा, कपड्याने अंग पुसून आंघोळ भागवा. खांदा आणि मोकळी बोटं पहिल्या दिवसापासून हलवत ठेवा. फ्लॅप जगतो आणि खांदा आखडतो, असं व्हायला नको. सोडवण्याआधी बुंधा थोडा वेळ आवळून रंग टिकतो का, ते पाहतात.

प्रश्न : पत्नीच्या हातातला सार्कोमा (हाड-स्नायूंसारख्या ऊतींचा कॅन्सर) काढून मांडीचा फ्री फ्लॅप लावला. नर्स तासातासाला दाबून बघायच्या. दुसऱ्या दिवशी फ्लॅप निळसर झाला आणि परत ऑपरेशनला नेलं. हा हलगर्जीपणा का? (नागपूर)

उलट, लक्ष होतं म्हणूनच लगेच नेलं. फ्री फ्लॅपमध्ये तुकडा मूळ जागेवरून पूर्ण सुटा करून त्याच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या धमन्या आणि शिरा केसाहून बारीक टाक्यांनी जोडतात. बोटाने दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. झटकन परतत असेल, फ्लॅप निळा आणि फुगलेला असेल, सुई टोचल्यावर काळसर रक्त भळभळत असेल, तर शीर तुंबली आहे. पांढरा, थंड पडला आणि टोचूनही रक्त नाही, तर धमनी बंद. कारण गुठळी, पीळ, खाली साचलेलं रक्त किंवा साधी घट्ट पट्टी, काहीही असू शकतं. बहुतेक अडचणी पहिल्या ७२ तासांत येतात आणि काही तासांत उघडलं तर फ्लॅप बऱ्याचदा वाचतो. सकाळच्या राउंडपर्यंत थांबलं की सहसा गेला.

मिश्री, तंबाखू, विडी आधी चार आठवडे आणि नंतरही पूर्ण बंद. घरात ‘नुसती दाताला लावते’ म्हणून मिश्री चालवून घेतात, पण त्यातलंही निकोटिन रक्तवाहिन्या आवळतंच.

प्रश्न : फ्लॅप उशीसारखा फुगलाय, हातमोजा चढत नाही. स्पर्शही कळत नाही. (पणजी)

सूज उतरायला काही महिने द्या. मग चार-सहा महिन्यांनी आतली चरबी काढून तो पातळ करता येतो, मोठा असेल तर टप्प्याटप्प्याने. रेडिएशन झालं असेल तर घाई नको, ती कातडी उशिरा भरते. वजन वाढलं की पोटा-मांडीची चरबी हातावरही वाढते, हे आधी कुणी सांगत नाही! स्पर्श थोडाफार परततो, पूर्ण क्वचितच. तोवर तवा, कुकरचं झाकण, इस्त्री यांना दुसरा हात लावा, कारण इथे भाजलेलं फोड आल्यावरच कळतं. रात्रीचा स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरणारा आधार) मात्र सोडू नका : मनगट किंचित मागे, बोटं मुळाशी ७० ते ९० अंशांत वाकलेली, पुढचे सांधे सरळ.