मुंबईत विणकाम? खुशाल करा, पण नमुना धुतल्याशिवाय टाके घालू नका

प्रश्न असा आहे : "मुंबईत स्वेटर घालतंय कोण? मग इथे विणकाम करून उपयोग काय? आणि जे करतात त्यांच्या सुयांवर सध्या आहे तरी काय?"

विणकाम म्हणजे स्वेटर हे समीकरण ज्याने रूढ केलं त्याला पावसाळ्यात ओली लोकर वाळवायला बसवलं पाहिजे. घरात पाळणा हलायचा असला की बाळंतविडा लागतो आणि तो मुंबईतही लागतो. कुंची, टोपडं, झबलं, मोजे, दुपटं, सगळं सुती दोऱ्याचं. एसी लोकल 2017 च्या नाताळला सुरू झाली, तेव्हापासून तर खांद्यावर टाकायला सुती स्टोलही लागतो. माझ्या सुयांवर सध्या तीन गोष्टी आहेत : असाच एक जाळीचा स्टोल, भांडी पुसायचं एक फडकं आणि सहा महिन्यांच्या बाळासाठी पुढून उघडं झबलं. पहिल्या दोघांचं बरं चाललंय. झबलं मात्र अर्धं उसवून पुन्हा घातलंय, आणि तुमच्या कामाचं जे काही आहे ते त्यातच आहे.

4 प्लाय सूत (प्लाय म्हणजे दोऱ्याची जाडी, आकडा मोठा तितका दोरा जाड), 10 नंबरच्या सुया. नमुन्यात, म्हणजे मापासाठी आधी विणलेल्या छोट्या चौकोनात, 10 सेंटिमीटरला 26 टाके आणि 34 रांगा आल्या. झबल्याचा घेर 50 हवा, म्हणजे पाठ 25. 25 गुणिले 2.6 म्हणजे 65, शिवणीचे 2 धरून 67 टाके. लांबी 24, म्हणजे 82 रांगा. हिशेब चोख, फक्त नमुना न धुता मोजलेला. पाठ विणून झाल्यावर नमुना धुतला, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळला, आडवा पसरून वाळवला. तर 10 सेंटिमीटरला 24 टाके आणि 36 रांगा! सूत रुंदीत पसरलं आणि उंचीत बसलं. त्या हिशेबाने पाठ 27 होणार, घेर 54, आणि लांबी 23 च्याही आत. बाळ झबल्यात हरवलं असतं आणि पोट उघडं राहिलं असतं. आता 25 गुणिले 2.4 म्हणजे 60, शिवणीचे 2 आणि वर 1, एकूण 63 टाके, आणि 86 रांगा.

तो वरचा 1 कशाला? काठाला साबुदाणा वीण आहे, म्हणजे सुलट-उलट टाके आलटून पालटून घातलेली दाणेदार वीण. टाके विषम असले की प्रत्येक रांग सुलटाने सुरू होऊन सुलटानेच संपते, डोकं चालवावं लागत नाही. सुतात 1 सुलट 1 उलट अशी उभ्या पट्ट्यांची बॉर्डर घालूच नका. लोकर ताणली तरी मागे येते, सूत येत नाही. चार धुण्यांत ती बॉर्डर झालरीसारखी लोंबते. काठ 12 नंबरच्या सुयांनी विणायचा, मग अंगासाठी 10 नंबर.

नंबरावरून आठवलं. आपल्याकडच्या सुयांना जुने ब्रिटिश नंबर आहेत : नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आपली 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, अमेरिकी कृतीतली 8 नंबर म्हणजे 5. इंटरनेटवरून विणायची कृती घेताना नंबर न बघता मिलिमीटर बघा.

नवीन शिकत असाल तर मफलर नको, फडकं विणा. 8 प्लाय सूत 50 ग्रॅम, 8 नंबरच्या सुया, 40 टाके, सगळ्या रांगा सुलट. साधारण 80 रांगांनी चौकोन होतो, कारण या विणीत 2 रांगांची उंची 1 टाक्याच्या रुंदीइतकी असते. पहिल्याच दिवशी 40 चे 43 टाके होतील. रांग सुरू करताना दोरा सुईवरून मागे ओढला जातो, पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. दोरा आधी खाली, पुढच्या बाजूला ओढून घ्या, मग सुईखालूनच मागे नेऊन सुरुवात करा. नवा गोळा रांगेच्या टोकाला जोडा, मधे गाठ नको. सुताची गाठ निसटते. टोकं 6-7 सेंटिमीटर ठेवून उलटसुलट दोन्ही दिशांनी ओवा.

घामाने हात चिकटत असतील तर बांबूच्या सुया बाजूला ठेवा. दमट हवेत सूत त्यांवरून सरकता सरकत नाही. जुन्या ॲल्युमिनियमच्या सुया पांढऱ्या सुतावर राखाडी पट्टा सोडतात. मी स्टीलच्या वापरते, पण पावसाळ्यात त्या पुसूनच ठेवते. गोळा टवका गेलेल्या चहाच्या किटलीत ठेवायचा आणि दोरा तोटीतून बाहेर काढायचा. गडगडत कॉटखाली जात नाही, धूळ लागत नाही, आणि दोरा सुटताना झाकण हळूच किणकिणतं. दुपारी बाहेर पाऊस आणि आत तो आवाज. उपयोग विचारलात ना, हाही धरा.

आता नमुन्याविषयी. आमच्या थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं, नमुना म्हणजे सुताची नासाडी. 15 सेंटिमीटरच्या चौकोनाला 50 ग्रॅमच्या गोळ्यातलं जेमतेम 7-8 ग्रॅम जातं. आणि कमी पडलंच तर तोच उसवून वापरता येतो. पाठ उसवायला दोन संध्याकाळी गेल्या, त्याचं वजन कोण करणार?

हो, सगळ्यांनी सुतच वापरावं असं नाही. महाबळेश्वरच्या भाच्याला लोकरच द्या. खेळण्यांना ॲक्रिलिक चालतं, फक्त वाफेची इस्त्री लावू नका, वीण कायमची लुळी पडते. बाळाच्या कपड्याला मोठ्या भोकांची जाळी नको, बोटं अडकतात. गळ्याला नाडीही नको.

आणि जाऊबाई, वाचत असाल तर : तुमच्याकडच्या कागदावर 67 लिहिलंय, ते खोडून 63 करा.