शपथ एकाची, पगार दुसऱ्याचा

प्रश्न : राजाराम महाराज जिंजीला होते त्याच सुमारास आयर्लंडचे सैनिकही परागंदा राजासाठी परमुलखात लढत होते, असं वाचलं. हा राजा कोण? खर्च कोण करायचं?
– एक वाचक, महाड

उत्तर : इंग्लंडचा दुसरा जेम्स. डिसेंबर १६८८ मध्ये तो फ्रान्सला पळाला. महाराजांनी रायगड सोडला तो त्यानंतर चारेक महिन्यांनी. जेम्ससाठी लढणाऱ्या आयरिश फौजेने ३ ऑक्टोबर १६९१ ला लिमरिकला शस्त्रं ठेवली, पण अटी घालून. ज्याला फ्रान्सला जायचंय त्याला बायकापोरांसह जाऊ द्यायचं. त्यासाठी इंग्रजांनी २०० टनांची ५० जहाजं फुकट द्यायची, लागली तर आणखी २०. जहाज लहान निघालं तर संख्या वाढवून भरपाई करायची. कलम चोख होतं, घोळ झाला तो धक्क्यावर. कॉर्क बंदरात शिपाई चढले आणि कित्येकांची कुटुंबं किनाऱ्यावरच राहिली. गेले ते सुमारे १४,००० सैनिक.

खर्च फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा. फौज जेम्सच्या नावाची आणि पगार लुईच्या खजिन्यातून, खरी गोम इथेच आहे. १६९७ च्या रिस्विकच्या तहात लुईने जेम्सच्या गादीवर बसलेल्या विल्यमला इंग्लंडचा राजा मानलं, आणि जेम्सची वेगळी फौज पोसायचं कारणच संपलं. पुढच्या वर्षी बऱ्याच पलटणी मोडल्या, उरलेल्या फ्रेंच सैन्यात घेतल्या. रोकड जिंजीलाही नव्हती म्हणा. पण तिथून वतनाच्या सनदा देता येत होत्या. जेम्सकडे द्यायला जमीनच उरली नव्हती.

लाल डगले मात्र आयरिश पलटणींनी सोडले नाहीत. आपण इंग्लंडच्या खऱ्या राजाचे, हा त्यामागचा दावा. फोंतन्वाच्या लढाईत (१७४५) तो अंगाशी आला. फ्रेंच घोडेस्वारांनी त्यांना इंग्रज समजून त्यांच्यावरच तलवार चालवली.

प्रश्न : यांतले कुणी हिंदुस्थानात आले का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आले, पण पूर्व किनाऱ्यावर. आयरिश बापाचा मुलगा असलेला फ्रेंच सेनापती काउंट लाली १७५८ मध्ये आपली पलटण घेऊन पाँडिचेरीला उतरला. २२ जानेवारी १७६० ला जिंजीजवळच्याच वांदिवाशला त्याचा पराभव झाला. त्याला हरवणारा इंग्रज सेनापती आयर कूट, तोही आयर्लंडचाच. मुरारराव घोरपड्यांचे स्वार फ्रेंचांनी पैसे मोजून आणले होते. ते त्या दिवशी लढाईत उतरलेच नाहीत.