मित्राच्या बिलासाठी खेटे घालताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सरकारी वसतिगृहाला टॉवेल पुरवून नऊ महिने झाले, मित्राचं बिल निघत नाही आणि त्याच्यासाठी तू खेटे घालतोस, हे वाचून जीव तुटला. सूतवाला उधारीला थांबत नाही, माग बंद ठेवून त्याला कचेरीत बसता येत नाही. तू जातोस ते बरोबरच आहे.

आधी त्याच्या सहीचं अधिकारपत्र घे. नाहीतर "तुम्ही कोण?" एवढ्यावर तुला परत पाठवतील. आणि "बिल कधी निघेल?" विचारू नकोस, "बघतो" म्हणतील. "फाईल कोणत्या टेबलावर आहे आणि आक्षेप काय आहे?" असं विचार. लेखा शाखेत माझं आयुष्य गेलं, बिल अडतं ते अशाच कारणांनी. माल मिळाल्याचा दाखला नसतो, साठा नोंदवहीचा पान क्रमांक बिलावर नसतो, पुरवठा आदेश आणि बिलातले आकडे जुळत नाहीत, नाहीतर खर्चासाठी वरून येणारं अनुदानच आलेलं नसतं. अनुदान नसेल तर कारकुनावर आवाज चढवून उपयोग नाही, तो खरंच काही करू शकत नाही.

माझ्याच टेबलावर एक बिल दोन महिने पडून होतं. आदेशाचा क्रमांक चुकला होता आणि मी ते पुरवठादाराला कळवलंच नाही. ते आजोबा दर आठवड्याला यायचे, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायचे आणि उठून जायचे. ते अजून खुपतं. म्हणून सांगतो, आक्षेप लेखीच माग.

अर्ज दोन प्रतींत कर. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. विलंब प्रतिबंधाच्या 2005 च्या कायद्याने एका टेबलावर फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तेही अर्जात लिही. तरी हललं नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात फाईलवरचे शेरे माग, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मित्राची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी, माल देण्याआधीची आहे का, हे आजच विचार. असेल तर 2006 च्या सूक्ष्म, लघु उद्योग कायद्याने त्याचे पैसे 45 दिवसांच्या आत यायला हवे होते. पुढच्या दिवसांवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि थकलेल्या पैशांचे असे दावे ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे दावा करता येतो. कुणी चहापाण्याचं सुचवलं तर एक पैसा देऊ नकोस, 1064 वर लाचलुचपत विभागाला कळव.

मित्राला मात्र "पुढच्या आठवड्यात होईल" असं सांगू नकोस. त्या भरवशावर तो सूतवाल्याला तारीख देऊन बसेल.

रविवारी घरी ये. पुरवठा आदेश, चलनाची पोच आणि बिलाची झेरॉक्स आण. मसुदा बसून करू.

तुझा,
काका