उकळूनही बासुंदी बाधली कशी?

प्रश्न : उरलेली बासुंदी रात्रभर पातेल्यातच बाहेर राहिली. सकाळी खळखळून उकळली, वासही येत नव्हता. तरी खाल्ल्यावर तीन तासांत घरातल्या पाच जणांना उलट्या. उकळल्यावर जंतू मरत नाहीत का?

उत्तर : जंतू मेलेच असणार. बाधलं ते त्यांनी रात्रभरात सोडलेलं विष. अशा वेळी पहिला संशय स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर. जवळपास तीनातल्या एका धडधाकट माणसाच्या नाकात तो असतो; हातावरच्या पिकलेल्या जखमेत तर बऱ्याचदा. दूध आटवताना तो टिकत नाही. बासुंदी निवत असताना कुणी बोटाने साय सारखी केली की तो शिरतो आणि कोमट दुधात वाढताना एंटेरोटॉक्सिन हे प्रथिन सोडतो. ते अर्धा तास उकळूनही पुरतं नष्ट होत नाही, पोटातल्या पाचकरसांनाही पुरून उरतं. आतड्यातल्या मज्जातंतूंमार्फत ते मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतं. विष आयतंच पोटात गेल्यामुळे अर्ध्या ते आठ तासांत उलट्या सुरू होतात आणि बहुतेक जण दिवसभरात सावरतात. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही, ते विषावर चालत नाही.

उरलेले दुधाचे पदार्थ दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये जायला हवेत. भरलेलं पातेलं तसंच ठेवू नका. त्याचा मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो. पसरट भांड्यांत दोन-तीन इंचांचा थर करा. उरलेल्या भाताचंही तेच. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याची कवचातली सुप्त रूपं) भात शिजला तरी जगतात आणि त्याचं उलटी आणणारं विष फोडणीच्या कढईलाही जुमानत नाही.

प्रश्न : कॉलऱ्यात आधीच पाण्यासारखे जुलाब होतात. मग वर ओआरएस (साखर-मिठाचं पाणी) पाजून काय साधतं?

उत्तर : कॉलऱ्याचा जिवाणू आतड्याची भिंत पोखरत नाही, सगळं काम त्याचं विष करतं. कोलकात्याचे संशोधक शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये जिवाणू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात घालून हे दाखवलं. विषाचे पाच भाग पेशीला चिकटतात, सहावा आत जाऊन पेशीतलं एक बटण जणू चालू स्थितीतच अडकवतो. पेशी क्लोराइड हा मिठातला घटक बाहेर टाकत सुटते, मागोमाग पाणी; गंभीर रुग्णाचं तासाला लिटरभरसुद्धा. मात्र ग्लुकोज ही साखर आणि मिठातलं सोडियम जोडीने आत घेणारा मार्ग विषाने बंद पडत नाही, आणि त्यांच्यासोबत पाणी शोषलं जातं. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, शरीर कोरडं पडत नाही एवढंच. पण जीव वाचतो तो त्यानेच.

पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजपंचे नको: साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते, मीठ जास्त झालं तर लहान मुलांना धोका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजा. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा गुंगी आली, तर सलाईनच लागतं. दवाखान्याच्या वाटेतही ओआरएस चालू ठेवा, गुंगीतल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका.