'अहिंसा'तला 'अ' काय करतो?

प्रश्न असा आहे: 'अहिंसा' म्हणजे नुसतं 'हिंसा न करणं' असेल, तर शांततेचा एवढा मोठा मार्ग एका नकारावर कसा उभा राहिला? त्यासाठी होकारार्थी शब्द नाही का? आणि 'अहिंसक आंदोलन' म्हणावं की 'अहिंसात्मक'?

शेवटचं आधी उरकतो. दोन्ही रूपं चालतात. मला 'अहिंसक' बरं वाटतं, कारण ते आटोपशीर आहे आणि माणूस, जमाव, लढा अशा सगळ्यांना लागतं. 'अहिंसात्मक माणूस' मात्र कानाला खटकतं. 'हिंस्र' हा श्वापदाचा स्वभाव, 'हिंसक' हे कृतीचं विशेषण. (जुने वैयाकरण 'सिंह' हा शब्दही 'हिंस्' धातूची अक्षरं उलटून झाला असं सांगत. व्युत्पत्ती म्हणून ती किती टिकेल ते सोडा, पण कल्पना झकास आहे.)

आता मुख्य मुद्दा. संस्कृत व्याकरणात या 'अ'ला, म्हणजे 'नञ्'ला, एकच अर्थ नाही. परंपरेने सहा मोजले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य (म्हणजे वाईटपणा) आणि विरोध. मराठीतच पाहा. 'अन्याय' म्हणजे न्यायाची गैरहजेरी असं कोणी समजत नाही. अन्याय होतो, कोणीतरी तो करतं, कोणीतरी सोसतं. 'अमित्र' म्हणजे शत्रू, मित्र नसलेला कोणीही वाटसरू नव्हे. हे विरोधार्थी 'अ'. 'अहिंसा' कोणत्या रांगेत बसवायची यावर तुमच्या प्रश्नाचं उत्तर अवलंबून आहे. माझ्या मते ती 'अन्याया'च्या रांगेत बसते, फक्त तोंड उलट दिशेला.

याला आधार आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच यम, म्हणजे पाळायची बंधनं, सांगितली आहेत, त्यांतले तीन 'अ'ने सुरू होतात: अहिंसा, अस्तेय, अपरिग्रह. पण अहिंसेचं फळ सांगताना पतंजली म्हणतात, 'अहिंसाप्रतिष्ठायां तत्सन्निधौ वैरत्यागः'. ज्याच्या ठायी अहिंसा पक्की झाली, त्याच्या जवळपास इतरांचंही वैर गळून पडतं. निव्वळ अभावाचा परिणाम शेजारच्यावर कसा होईल? बौद्धांच्या धम्मपदातही वैर वैराने शमत नाही, 'अवेर'ने (पालीतलं 'अवैर') शमतं असं म्हटलं आहे. तिथलं औषधही 'अ'नेच सुरू होतं. जैनांच्या तत्त्वार्थसूत्राने तर हिंसेची व्याख्याच 'प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा' अशी केली: प्रमादाने, बेसावधपणे प्राण हिरावणं. ही व्याख्या धरली तर अहिंसा म्हणजे अखंड सावध राहणं. त्यात नकारापेक्षा मेहनतच जास्त दिसते.

पण सगळ्यांत स्वच्छ व्याख्या मराठीतच आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत 'अहिंसा' आणि 'शान्ति' एकाच ओळीत येतात. तिथल्या अहिंसेवर ज्ञानेश्वर लिहितात:

'आणि जगाचिया सुखोद्देशें । शरीर वाचा मानसें । राहाटणें तें अहिंसे । रूप जाण ॥'

एकही 'न' नाही! जगाच्या सुखाचा हेतू धरून देहाने, वाणीने, मनाने वागणं, हे अहिंसेचं रूप. 'राहाटणें' म्हणजे वागणं, वावरणं. 'जगरहाटी'त तो शब्द अजून शिल्लक आहे. होकारार्थी पर्याय शोधणाऱ्याला याहून चांगलं काय हवं, मला ठाऊक नाही.

तरी एक अडचण खरी आहे, आणि ती क्रियापदात दिसते. मराठीत हिंसा 'करतात', अहिंसा मात्र 'पाळतात'. व्रत पाळावं, मौन पाळावं, तशी. 'मी काल अहिंसा केली' असं कोणी म्हणत नाही. पाळणं हे स्वतःपुरतं असतं. समोरच्या जुलमाचं काय करायचं, ते त्या क्रियापदात येत नाही. दक्षिण आफ्रिकेत गांधींना नेमकी हीच उणीव भासली असावी. १९०६ साली सुरू झालेल्या तिथल्या भारतीयांच्या लढ्याला आधी 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' (निष्क्रिय प्रतिकार) म्हणत. त्यातून दुबळ्यांचं हत्यार असा वास येत होता, म्हणून 'इंडियन ओपिनियन' या आपल्या वृत्तपत्रातून त्यांनी नवा शब्द मागवला. त्यांच्या नात्यातल्या मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला, गांधींनी त्याचा 'सत्याग्रह' केला. आणि सत्याग्रह 'करता' येतो. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात, गुजरातमधल्या धारासण्याच्या मिठागरावर लाठ्या पडत असताना लोक पुढे जात राहिले: त्यांनी सत्याग्रह केला, अहिंसा पाळली. दोन क्रियापदांची ही वाटणी मला फार बोलकी वाटते.

मग 'प्रेम', 'करुणा', 'मैत्री' हे पर्याय का नकोत? एकेकटे ते अपुरे पडतात. आपल्या माणसांवर जिवापाड प्रेम करणारा परक्यावर हात उगारू शकतो, कित्येकदा त्या प्रेमापोटीच. 'अहिंसा' म्हटलं की ही पळवाट राहत नाही. 'शांतता'ही तिच्या जागी चालणार नाही. धाकाने गप्प बसलेल्या लोकांतही शांतता असते, आणि 'शांतता राखा' ही सूचना हुकूमशहाही देतो.

उच्चाराचं विचारलं नाही, तरी सांगतो. मराठीत 'स'च्या आधीचा अनुस्वार नाकातल्या 'व'सारखा येतो, म्हणून आपण साधारण 'अहिंव्सा' म्हणतो. 'अहिन्सा' हा हिंदी वळणाचा उच्चार. लिहिताना दोघांचंही 'अहिंसा'च.